कुठलं स्टॉकहोम

माझी मुलगी स्टॉकहोमला राहते म्हटलं की समोरचा माणूस म्हणतो, "अरे वा, स्वीडनला." मी म्हणते, नाही, अमेरिकेत. मग तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो की बाई कमी शिकलेली दिसते, हिला देश कळत नाहीत. कमी शिकले आहे हे खरंच आहे. गावाला शाळा चौथीपर्यंत होती, तेवढी केली. पण आपली मुलगी कुठल्या देशात राहते एवढं मला कळतं. आमच्या कोपरीतल्या, म्हणजे ठाणे पूर्वेच्या, बिल्डिंगचे सेक्रेटरी, दूधवाला, बँकेतली मुलगी, सगळ्यांचं मला स्वीडनला पाठवून झालं. शेवटी मी गावाचं नाव सांगणंच सोडून दिलं. नुसतं अमेरिका म्हणते आणि गप्प बसते.

ते गाव म्हणजे काय, तर डोंगर, झाडी, एक तळं आणि बर्फ. जावयाचं ऑफिस तिथून तासाभरावर. भाडं जवळ परवडत नाही म्हणून इतक्या आत जाऊन राहिले. मुलीने व्हिडिओवर दाखवलं तेव्हा मी विचारलं, "ह्याला स्टॉकहोम का म्हणतात?" ती म्हणाली, "कोणीतरी स्वीडनहून आले असतील पूर्वी, त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं असेल." मी म्हटलं, मग आपल्या गावालाच राहायचं, किंवा इकडे आल्यावर दुसरं नाव शोधायचं. ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आणि पुढे जे झालं त्यानंतर तर अजिबात वाटत नाही.

बाळ जानेवारीत झालं. नात. त्या दिवशी अमावास्या होती आणि ती दुपारी एक बावन्नला संपत होती. मला पक्कं माहीत आहे, कारण आदल्या दिवसापासून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. तिकडून फोन आला तेव्हा मी देवापुढे दिवा लावत होते. साडेसहा वाजले होते. जावई म्हणाला, "आई, मुलगी झाली. वीस मिनिटं झाली. दोघी छान आहेत." तिकडे सकाळचे सात चाळीस वाजले होते तेव्हा ती जन्मली. मी वेळ लगेच कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवली.

बाळाची पत्रिका करायची तर मुलाकडच्यांनी करायची. पण आमच्या विहीणबाईंनी फोन केला. त्या विठ्ठलवाडीला राहतात, कल्याणच्या पुढे. म्हणाल्या, "नौपाड्यातले ते गुरुजी चांगले आहेत म्हणतात. तुम्हाला चालत जाता येईल. तुम्हीच करून आणा." मी हो म्हटलं. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत कधीच झालेली नाही. त्या बोलायला लागल्या की माझ्या तोंडातून हो निघून जातं आणि मग मी दोन दिवस चिडचिड करत बसते.

नौपाड्यात गुरुजींचं ऑफिस एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. बाहेर बाकडं, आत गुरुजी, आणि प्लायवूडच्या फळीमागे त्यांची सून कॉम्प्युटरवर बसते. तिने मला एक कागद भरायला दिला. नाव अजून ठेवलेलं नव्हतं म्हणून "बाळ" लिहिलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली. जन्मस्थळ लिहायला दोन बोटांएवढी जागा. हॉस्पिटल खरं म्हणजे शेजारच्या गावात होतं. त्या गावाचं नाव मुलीने मला तीनदा सांगितलं होतं, पण मला ते धड ऐकू आलं नव्हतं आणि चौथ्यांदा विचारायची लाज वाटली होती. मग मी ती राहते ते गाव लिहिलं, स्टॉकहोम. जागा तेवढ्यात भरली. देश लिहिला नाही. मला वाटलं, इतका मोठा कॉम्प्युटर, त्याला माहीत असेल.

चार दिवसांनी पिवळ्या पाकिटात पत्रिका मिळाली, वर कुंकवाचं बोट लावलेलं. बाळ त्यांच्या घरचं, त्यांनी आधी बघावी म्हणून मी पाकीट उघडलं नाही. तशीच विठ्ठलवाडीला घेऊन गेले. विहीणबाईंनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"तिथी अमावास्या."

मग चष्मा काढला. "विहीणबाई, आणताना तुम्ही बघितलं नाही का?"

"नाही."

"आमच्या घरात आजवर कोणी अमावास्येचं नाही."

आमचे व्याही खिडकीपाशी मोबाईल बघत बसले होते. ते म्हणाले, "शांत करतात त्याची. एवढं काय त्यात?"

"तुम्ही गप्प बसा," विहीणबाई म्हणाल्या.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं की अमावास्या दुपारीच संपली होती, मी कॅलेंडर बघितलं आहे, फोन संध्याकाळी आला होता. सगळं माझ्या जिभेवर होतं. पण समोर छापील पत्रिका, त्यावर गुरुजींचा शिक्का, आणि मी. मी चहा प्यायले, बशी स्वयंपाकघरात ठेवून आले आणि निघाले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरोबरच आहे. अमेरिकेत अजून आदला दिवस असतो. आपली अमावास्या संपली तरी त्यांची चालू असणार."

"चंद्र एकच आहे ना?"

"चंद्र एकच. घड्याळं वेगळी."

हे कंपनीत तीस वर्षं मशीन चालवत होते, त्यामुळे आमच्या घरात घड्याळाचा विषय त्यांचा. पण मला पटलं नाही. संपली ती संपली. इथे संपलेली गोष्ट तिकडे कशी चालू राहील?

आठवड्याने विहीणबाईंचा फोन आला, आणि मग कळलं की प्रकरण किती लांब गेलं आहे. वैशाखात त्यांच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे माझ्या मुलीच्या दिराचं लग्न होतं. मुलगी बाळाला घेऊन त्यासाठीच येणार होती. विहीणबाई म्हणाल्या, शांत झाल्याशिवाय बाळ मांडवात नको. शांत करायला आई-बाप दोघं हवेत, आणि जावई लग्नाच्या आदल्या दिवशी पोचणार. म्हणजे लग्नाआधी शांत होत नाही. तेव्हा हळदीपासून पूजेपर्यंत बाळाला कोपरीत माझ्याकडे ठेवायचं. "सूनबाईला तेवढं चार दिवस पाठवा," म्हणाल्या.

साडेतीन महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ. तिला मी चार दिवस काय पाजणार होते? हे त्यांना विचारावं असं मनात आलं. तोंडातून निघालं, "बघते मी."

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. मग मी पण नाही जाणार लग्नाला. मी आणि बाळ कोपरीत राहू."

"अगं, सख्ख्या दिराचं लग्न."

"त्यांना माझी मुलगी नको ना? मग मी कशाला हवी?"

"जावई काय म्हणतायत?"

"तो म्हणतो, तू माझ्या आईला ओळखतेस."

माझी मुलगी माझ्यासारखी नाही. ती एकदा नाही म्हणाली की नाही. आणि दिराच्या लग्नाला मोठी सून आली नाही तर ती गोष्ट त्या घरात विसरली जाणार नाही. तिच्या मुलीच्या लग्नापर्यंत लोक सांगत राहतील. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं की हे मी लिहून दिलेल्या कागदावरून झालं आहे आणि ते मलाच जाऊन निस्तरायला हवं.

गुरुजींकडे गेले. बाकड्यावर पाच माणसं होती. माझ्या आधीची बाई आत अर्धा तास बसली. बाहेर सगळं ऐकू येत होतं, तिच्या नवऱ्याचं, तिच्या जावेचं, फ्लॅटचं. मग माझं बोलणंही असंच बाहेर ऐकू जाईल ह्या विचाराने मी उठले. सून म्हणाली, "काकू, तुमचाच नंबर आहे." मी म्हटलं, "परत येते." खाली उतरून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि पुलावरून कोपरीत परत आले.

"काय म्हणाले गुरुजी?" ह्यांनी विचारलं.

"गर्दी होती."

दुसऱ्यांदा गेले तर गुरुजी बाहेरगावी गेले होते. तिसऱ्यांदा कॅलेंडरचं जानेवारीचं पान काढून, घडी घालून पिशवीत घेऊन गेले, आणि सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले, म्हणजे बाकड्यावर ऐकायला कोणी नसेल.

गुरुजींनी पान बघितलंही नाही नीट. "ताई, कॅलेंडर इथलं. जन्म तिकडचा."

"पण गुरुजी, तिथी जगात सगळीकडे एकदमच संपते ना?"

"एकदमच संपते. चंद्र काय प्रत्येक गावाला वेगळा आहे?"

मी मनात म्हटलं, हे एकदा आमच्या घरी येऊन सांगा. "मग बाळ झालं तेव्हा इथे संध्याकाळ होती. मी दिवा लावत होते."

"संध्याकाळ कशी असेल?" त्यांनी मी भरलेला कागद काढून बोटं मोजली. "तिकडे सकाळी सात चाळीस. ते आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे आपल्याकडे दुपारचे बारा दहा. अमावास्या एक बावन्नपर्यंत. बारा दहा म्हणजे अमावास्याच."

"साडेदहा तास मागे आहेत ते. मी रोज मोजून फोन करते."

"ताई, स्वीडन साडेचारच तास आहे हिवाळ्यात."

"स्वीडन कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी इतक्या जोरात कुणाशी बोलले नव्हते. माझं मलाच कसंतरी झालं. फळीमागून सून उठून आली आणि म्हणाली, "काकू, मग कुठे आहे ते?"

"अमेरिका. न्यू जर्सी."

गुरुजी म्हणाले, "स्टॉकहोम ही स्वीडनची राजधानी आहे."

"असेल. माझी मुलगी तिथे राहत नाही."

सूनबाई कॉम्प्युटरपाशी गेली. मीही फळीपलीकडे जाऊन तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. तिने नाव टाकलं आणि खाली एक यादी आली. ती वाचायला लागली. "स्वीडन. मग अमेरिकेत मेन. न्यू जर्सी. न्यू यॉर्क. विस्कॉन्सिन. साउथ डकोटा. आणि हे एक कॅनडात." ती म्हणाली, "पप्पा, सात आहेत हो. मी पहिलं आलं तेच घेतलं."

"सात कशाला ठेवलीत पण?" गुरुजी म्हणाले, जणू यादी तिनेच केली होती. "एका नावाला एक गाव पुरे नाही का ह्या लोकांना?"

"तिकडून जे उठून गेले ते नाव घेऊन गेले असतील," सून म्हणाली. "वेगवेगळे गेले असतील, आणि प्रत्येकाला वाटलं असेल आपल्याच गावाला हे नाव द्यावं."

"मग बरोबर देशाचं नाव लिहायला काय होतं?" हे गुरुजी मला म्हणाले. ते खरंच होतं. पण त्यांनी विचारायला काय होतं? नुसतं एवढं विचारायचं, कुठलं स्टॉकहोम? मी सांगितलं असतं.

ती नवीन पत्रिका छापत होती तोवर मी बाकड्यावर बसले. मला त्या माणसांचा रागच आला होता. घर सोडून गेलात, समुद्र ओलांडलात, मग नाव कशाला बरोबर न्यायचं? आणि एकाने नेलं ते नेलं, सहा जणांनी न्यायचं? तिकडे बर्फात बसून त्यांना काय माहीत की त्यांच्या हट्टापायी विठ्ठलवाडीत कुणाची तरी नात मांडवाबाहेर बसणार आहे. मग आमचं आठवलं. कोपरी वाशीकडेही आहे. ह्यांचं पेन्शनचं पत्र एकदा तिकडे जाऊन महिन्याने आलं होतं, तेव्हापासून आम्ही "ठाणे पूर्व" दोनदा लिहितो. म्हणजे आपल्याकडेही शहाणपणा काही जास्त नाही.

नवीन पत्रिकेत लिहिलं होतं, प्रतिपदा. हॉस्पिटल शेजारच्या गावात होतं तेही मी सांगून टाकलं. गुरुजी म्हणाले, तेवढ्याने काही बिघडत नाही. तेच गाव लिहिलं असतं, चौथ्यांदा विचारून घेतलं असतं, तर हे काहीच झालं नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. निघताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी देश लिहा."

मला वाटलं होतं, झालं. आता पाकीट नेऊन द्यायचं आणि विषय मिटला. ह्या वेळी मी पाकीट उघडून, वाचून, मग विठ्ठलवाडीला नेलं.

विहीणबाईंनी दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. "तुम्ही परत गेलात म्हणून बदलून दिली त्यांनी."

"बदलून नाही दिली. आधी देश चुकला होता."

"देश कसा चुकेल? विमानाने गेली ना ती?"

मी सगळं सांगितलं. सात गावं, साडेचार तास, साडेदहा तास. मध्येच माझा मलाच गोंधळ झाला. शेवटी म्हटलं, "तुमची विठ्ठलवाडी आहे, तशी पुण्यातही एक आहे ना? तसंच."

व्याही म्हणाले, "खरंय. पुण्याच्या विठ्ठलवाडीचं पार्सल आलं होतं आपल्याकडे. चपला निघाल्या."

"तुम्ही गप्प बसा," विहीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, पहिली पत्रिका मी देवापुढे ठेवली होती. आमच्या सगळ्यांना सांगून झालं माझं. मोठ्या जावेला, नणंदांना, नवरीकडच्यांनासुद्धा. आता कुठल्या तोंडाने सांगू की नाही, प्रतिपदा आहे म्हणून? लोक म्हणतील, लग्न जवळ आलं तशी पत्रिका बदलली."

तेव्हा मला कळलं की अडचण अमावास्येची नव्हतीच. त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि सांगितलेलं मागे घ्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी माझी मुलगी लग्नाला मुकणार होती. मला इतका वैताग आला की डोळ्यात पाणी आलं, आणि पाणी आलं की त्या म्हणाल्या, "बघा, तुमच्याही मनाला लागलंय ना ते."

मी एवढंच म्हटलं, "तुमच्या गुरुजींना दाखवा. पण न्यू जर्सी सांगा त्यांना." हे शब्द मी एका चिठ्ठीवर लिहून पत्रिकेला टाचणीने लावून दिले.

महिना गेला. मुलीची तिकिटं झाली होती. ती रोज विचारायची, काही कळलं का, आणि मी रोज सांगायचे, कळेल. मग एके दिवशी दुपारी विहीणबाईंचा फोन आला.

"आमच्या कल्याणच्या गुरुजींनी नीट काढली. प्रतिपदा आहे."

"हो," मी म्हटलं.

"तुमचे ते नौपाड्यातले काही खरे नाहीत हां. देश तरी बघायचा माणसाने. आणा बाळाला. काही हरकत नाही."

नौपाड्यातले गुरुजी माझे झाले ते तेव्हापासून. मी फोन ठेवला आणि कपडे घडी करत बसले. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण जास्त करून मला थकवा आला होता.

मुलगी आली. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं, त्याबद्दल मला लिहिता येत नाही. दोन दिवसांनी मी पोळ्या करत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. मी तिला नौपाड्याच्या फेऱ्या सांगितल्या, कॅलेंडरचं पान सांगितलं, यादी सांगितली. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, आणि खरंच अमावास्येची असती तर?"

"तर शांत केली असती."

"आणि लग्नाला?"

मी पोळी उलटली.

"म्हणजे तू पण म्हणाली असतीस, बाळाला घेऊन घरी बस. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तसं नाही गं."

"मग कसं? सहा तासांचा फरक आहे फक्त. सहा तास आधी झाली असती तर ती वाईट होती का?"

पोळी करपली. मला त्या दिवशीची दुपार आठवत होती, जी मी तिला कधी सांगितलेली नाही. तिला आदल्या रात्रीच हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. जावयाचा मेसेज आला होता की कळा चालू आहेत. आणि मी कॅलेंडरसमोर उभी राहून देवाला सांगत होते, एक बावन्नपर्यंत थांबव. एक बावन्न होऊन गेले तेव्हा मी नमस्कार केला. त्यानंतर ती अजून चार तासांहून जास्त कळा देत होती. मी बाळाला थांबवायला सांगत होते, लेकीचं काय होत असेल ते नव्हते विचारत. विहीणबाईंनी जे उघड म्हटलं ते मी मनात आधीच म्हणून बसले होते. तेवढाच आमच्या दोघींत फरक.

हळदीला कल्याणला हॉलवर गेलो. बाळ माझ्या मांडीवर होतं, कारण मुलगी हळदीची ताटं करायला आत गेली होती. नवरदेवाला पाटावर बसवलं, बायका भोवती जमल्या. तेवढ्यात विहीणबाईंची मोठी जाऊ आली. तिने बाळाकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "हीच का ती अमावास्येची?"

बायका गप्प झाल्या. विहीणबाईंनी ऐकलं होतं. त्या हळदीच्या वाटीत तेल घालत होत्या, घालतच राहिल्या.

"वाईट वाटून घेऊ नका हो," जाऊबाई मला म्हणाल्या, "पण हळद लागेपर्यंत तिला जरा आत घेऊन बसा."

मुलगी ताट घेऊन दारात आली होती आणि तिथेच थांबली होती. तिचा चेहरा मला माहीत होता. ती आता ताट खाली ठेवणार, बाळ उचलणार आणि सगळ्यांसमोर रिक्षा बोलावणार.

असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी सकाळपासून मनात पाठ केलं होतं. स्टॉकहोम सात आहेत, आमचं न्यू जर्सीचं, साडेदहा तास, कल्याणच्या गुरुजींनीही तेच काढलं. सगळं क्रमाने. पण मी त्या बाईंकडे बघितलं आणि त्यातलं एकही वाक्य मला सांगावंसं वाटलं नाही. हे सगळं सांगितलं की त्या म्हणणार, असं होय, मग बसू दे. आणि पुढे कुणाचं तरी दुसरं बाळ खरंच अमावास्येचं असेल, त्याला आत पाठवतील.

मी म्हटलं, "अमावास्येची असती तरी इथेच बसली असती."

आवाज फार मोठा नव्हता. पण सगळे गप्प असल्यामुळे शेवटपर्यंत गेला. जाऊबाई सरळ उभ्या राहिल्या. "मी आपलं म्हटलं," म्हणाल्या.

विहीणबाईंनी तेलाची बुधली खाली ठेवली. "प्रतिपदेची आहे ती, वहिनी. आमच्या गुरुजींनी काढलंय."

"मग आधी सांगायचं ना. मला कसं कळणार?"

"सांगते आहे ना आता. लावा चला हळद."

हळद सुरू झाली. कोणीतरी गाणं म्हणायला लागलं, विहीणबाईंनी माझ्याकडे संध्याकाळभर बघितलं नाही. मी बाळाला तसंच मांडीवर थोपटत राहिले. मुलीने ताट नेऊन पाटाशी ठेवलं, दिराला हळद लावली, हात पुसले आणि येऊन माझ्या शेजारी खाली बसली. मी बाळ तिच्याकडे द्यायला गेले.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली.